शिकारकथेतील जुनी रायफल : शस्त्र, सवय आणि निवेदकाची विश्वासार्हता

१. प्रास्ताविक

शिकारकथेचा आरंभ बहुधा एखाद्या निरोपाने होतो. कुठल्याशा गावी जनावराने उच्छाद मांडलेला असतो, कोणी माणूस डोंगर ओलांडून सांगावा घेऊन आलेला असतो आणि निवेदक निघण्याची तयारी करू लागतो. या तयारीच्या वर्णनात एक क्षण ठरलेला असतो. हाताशी अनेक शस्त्रे असतानाही शिकारी आपल्या जुन्या, वापरून गुळगुळीत झालेल्या रायफलीकडे वळतो, तिची नळी पुसतो, काडतुसे मोजून घेतो आणि मगच उंबरठा ओलांडतो. साहित्याचा अभ्यासक हा भाग सहसा ओलांडून पुढे जातो. तो केवळ तांत्रिक तपशील आहे, हौशी वाचकासाठी घातलेली भर आहे, अशी त्याची समजूत असते. अनुवादक तर पुष्कळदा असा तपशील गाळतो किंवा 'बंदूक' या एकाच शब्दात गुंडाळतो.

प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित तपशिलाचा विचार करावयाचा आहे. शिकारी जुन्या शस्त्राकडे का परततो, आणि त्या परतण्याला कथनाच्या रचनेत कोणते स्थान असते, असे दोन प्रश्न येथे घेतले आहेत. विवेचनासाठी मुख्यतः जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) याच्या कुमाऊँ-गढवालमधील शिकारकथांचा आधार घेतला असून, तुलनेसाठी विल्यम फॉकनर या अमेरिकन कथाकाराच्या 'गो डाउन, मोझेस' (१९४२) या ग्रंथातील 'द बेअर' या दीर्घकथेकडे वळले आहे. जुनी रायफल ही शिकारकथेत पराक्रमाची खूण म्हणून येते असे मानले जाते. प्रत्यक्षात चांगल्या शिकारकथेत ती निवेदकाच्या मर्यादांचे माप म्हणून येते, आणि या मर्यादांच्या कबुलीतूनच निवेदकावरील विश्वास निर्माण होतो, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. शस्त्राची परिभाषा

विवेचनापूर्वी परिभाषा स्पष्ट करणे आवश्यक आहे. मराठीत 'बंदूक' हा शब्द व्यापक अर्थाने वापरला जातो. परंतु शिकारकथेतील प्रसंगांचा अर्थ पुष्कळदा शस्त्राच्या प्रकारावरच अवलंबून असतो. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि शिसे नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासावे लागते. एक बार झाला की पुन्हा भरण्यास वेळ लागतो, आणि त्या वेळात जखमी जनावर काय करील याचा भरवसा नसतो. छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून सुटणारे छर्रे पसरतात, म्हणून ती पक्ष्यांसाठी व जवळच्या लक्ष्यासाठी योग्य. रायफलीच्या नळीत आतून वळणदार चरे पाडलेले असतात. त्यांमुळे गोळीला फिरकी मिळते व ती दूरवर सरळ जाते.

रायफलींतही दोन घराणी कॉर्बेटच्या लेखनात ठळकपणे दिसतात. एक .२७५ रिग्बी. माउझर पद्धतीच्या ७ × ५७ मिलिमीटर काडतुसाला लंडनच्या रिग्बी कंपनीने दिलेले हे इंग्रजी नाव. ही एकनळी, हलकी, पेटीत काडतुसे भरून खटका मागेपुढे सरकवून चालवावयाची रायफल. दुसरी .४५०/४०० ची दुनळी रायफल. .४५० च्या काडतुसाची मान आवळून तिच्यात .४०० ची गोळी बसवलेली असते, असा या जोडआकड्याचा अर्थ. ही वजनदार असते, तिचा धक्का मोठा असतो, पण दोन नळ्यांमुळे दुसरी गोळी क्षणात झाडता येते. हलकी रायफल अचूकतेसाठी व दिवसभराच्या पायपिटीसाठी, जड रायफल जवळून अंगावर येणाऱ्या जनावराला रोखण्यासाठी, अशी ही ढोबळ विभागणी आहे. कॉर्बेट कोणत्या दिवशी कोणती रायफल घेऊन निघतो, यातच त्या दिवसाविषयीचा त्याचा अंदाज व्यक्त झालेला असतो. अनुवादात दोन्हींसाठी 'बंदूक' हा एकच शब्द आला की हा अंदाज वाचकापर्यंत पोहोचत नाही.

३. जुन्याकडे परतण्याची कारणे

नवे, अधिक शक्तिशाली शस्त्र उपलब्ध असताना शिकारी जुन्याकडे का परततो? या प्रश्नाचे सोपे उत्तर 'जिव्हाळा' असे दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे.

पहिले कारण शारीरिक आहे. रायफलीचा दस्ता खांद्यात कोठे बसतो, गाल लाकडावर टेकला असता डोळा आपोआप नळीवरील माशीच्या रेषेत येतो की नाही, चाप किती दाबला म्हणजे बार होतो, या गोष्टी बुद्धीने लक्षात ठेवावयाच्या नसतात. त्या अंगवळणी पडाव्या लागतात. अंधारात, दमलेल्या अवस्थेत किंवा भीतीने हात जड झालेले असताना विचार करण्यास अवसर नसतो. तेव्हा कामी येते ती सवय. नव्या शस्त्राशी ही सवय जडण्यास शेकडो बार आणि अनेक मोसम लागतात.

दुसरे कारण यांत्रिक आहे. प्रत्येक रायफलीचा स्वभाव निराळा असतो. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन रायफलीही एकच काडतूस किंचित वेगळ्या ठिकाणी टाकतात. लाकडी दस्ता पावसाळ्यात दमट हवेने फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि त्याचा नळीवरील दाब बदलला की गोळी पडण्याची जागाही सरकते. म्हणूनच जाणता शिकारी मोहिमेपूर्वी रायफल केवळ पुसून ठेवत नाही. निशाणाच्या फळ्यावर दोनचार गोळ्या झाडून ती अजून पूर्वीसारखीच मारते आहे की नाही, याची खात्री करून घेतो. जुन्या रायफलीचे दोषही त्याला ठाऊक असतात. ठाऊक असलेला दोष सांभाळून घेता येतो. अज्ञात गुणावर मात्र विसंबता येत नाही.

तिसरे कारण नैतिक आहे. जखमी होऊन निसटलेले जनावर हे शिकाऱ्यावरील ऋण मानले जाते. ते वेदनेने मरते, अथवा जगले तर पुढे कोणा गवत कापणाऱ्या बाईच्या किंवा गुराख्याच्या जिवावर उठते. जुन्या जखमा, वय आणि दुबळेपण यांमुळे वाघ नरभक्षक बनतो, हे कॉर्बेटने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच मांडले आहे. तेव्हा नेम चुकणे ही केवळ वैयक्तिक नामुष्की उरत नाही. आपल्या हातून कोणत्या शस्त्राने, किती अंतरावरून, कोणत्या प्रकाशात गोळी खात्रीने लागेल हे ओळखणे, आणि त्यापलीकडे चाप न ओढणे, ही शिकाऱ्याची जबाबदारी ठरते. ती पार पाडण्यास ओळखीचेच शस्त्र लागते.

या तिन्ही कारणांत एक समान सूत्र आहे. नवे शस्त्र शक्यता वाढवते, तर जुने शस्त्र आपल्या मर्यादा स्पष्ट करते. जुन्या रायफलीकडे परतणारा शिकारी आपली शक्ती कोठे संपते याच्या माहितीकडे परतत असतो.

४. कॉर्बेटचे लेखन : मोडक्या बंदुकीपासून रिग्बीपर्यंत

हे सूत्र कॉर्बेटच्या लेखनात आरंभापासून आढळते. 'जंगल लोअर' (१९५३) या आत्मपर ग्रंथात त्याने आपल्या पहिल्या बंदुकीची हकिकत दिली आहे. ती ठासणीची दुनळी होती, आणि तिची एक नळी अतिरिक्त दारूमुळे पूर्वीच फाटलेली होती. म्हणजे दुनळी असूनही ती व्यवहारात एकनळीच. काडतुसांची उधळपट्टी करणे या बंदुकीने शक्यच नव्हते. एक बार, आणि तोही नेमका, ही शिस्त कॉर्बेटला कोणा गुरूच्या उपदेशातून मिळाली नाही. ती त्या मोडक्या शस्त्रानेच घालून दिली.

'माय इंडिया' (१९५२) या ग्रंथातील 'कुंवर सिंग' हे प्रकरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. कुंवर सिंग हा कालाढुंगी परिसरातील चांदनी चौक गावचा मुखिया आणि त्या भागातील सर्वांत तरबेज चोरटा शिकारी. मुलाच्या हाती पहिली बंदूक आल्याबद्दल त्याचे अभिनंदन करताना, आता त्याने जंगलात निर्भयपणे कोठेही जावे, मात्र झाडावर चढण्यास शिकले पाहिजे, असे तो बजावतो. शस्त्र मिळाल्याच्या आनंदातच शस्त्र निरुपयोगी ठरेल त्या क्षणाची तयारी सांगितली जाते. शस्त्र आणि त्याची मर्यादा यांची ही जोडगोळी कॉर्बेटच्या पुढील सर्व कथांत पुन्हा पुन्हा येते.

'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' (१९४४) या ग्रंथातील चंपावतची वाघीण ही कथा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. नेपाळात २०० आणि कुमाऊँत २३४ माणसे मारून ही वाघीण कॉर्बेटच्या वाट्यास आली. १९०७ साली तो तिच्या मागावर निघाला, तेव्हाही दोन बळी गेले. एकूण संख्या ४३६ झाली. हाकाऱ्याच्या अखेरच्या प्रसंगी कॉर्बेटजवळ .५०० ची दुनळी रायफल व केवळ तीन काडतुसे होती. ती तिन्ही संपली, आणि जखमी वाघीण समोरच्या खडकावर उभी राहिली. तेव्हा तो धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेऊन आला. जवळ पोहोचल्यावर त्याच्या ध्यानात आले की, त्या बंदुकीच्या नळ्या आणि मागील ठोकळा यांमध्ये फट आहे. बार उलटण्याचा धोका पत्करून त्याने सुमारे वीस फुटांवरून वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला. गोळी जबड्याला लागलीच नाही, पंजाला लागली. वाघीण मेली ती आधीच्या दोन गोळ्यांनी.

कथेच्या उत्कर्षबिंदूशी नायकाचा नेम चुकतो, ही गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. फुशारकीच्या कथेत असा तपशील टिकणे कठीण. कॉर्बेट तो वाचकासमोर ठेवतो, शस्त्रातील फटीचे मापही देतो, आणि या प्रसंगाचे श्रेय स्वतःकडे घेत नाही. परक्या, अनोळखी शस्त्राने काय होते याचा हा वस्तुपाठ आहे. त्याचबरोबर निवेदक आपले अपयशही तितक्याच नेमकेपणाने सांगतो, ही खात्री वाचकाला येथे प्रथम पटते. पुढील कथांतील अविश्वसनीय वाटणारे प्रसंग वाचक स्वीकारतो तो या खात्रीच्या बळावर.

५. हलकी रायफल आणि पक्ष्याची अंडी

असा अविश्वसनीय वाटणारा प्रसंग म्हणजे चौगडच्या वाघिणीचा शेवट. ११ एप्रिल १९३० रोजी कॉर्बेट एका नाल्यातून चालला होता. डाव्या हातात रातव्या पक्ष्याची दोन अंडी होती, उजव्या हातात हलकी रायफल छातीवर तिरपी धरलेली. एका मोठ्या शिळेला वळसा घालून त्याने उजव्या खांद्यावरून मागे पाहिले, तो आठ फुटांवर वाघीण दबा धरून बसलेली. रायफलीचे तोंड तिच्याकडे आणण्यासाठी ते सुमारे पाऊण वर्तुळ फिरवावे लागणार होते. कॉर्बेटने ते एकाच हाताने, हालचाल जेमतेम जाणवेल इतक्या संथपणे फिरवले आणि चाप ओढला.

या प्रसंगानंतर कॉर्बेट थांबून हिशेब करतो. वाचकाला ज्या तीन गोष्टी प्रतिकूल वाटतील त्याच आपल्या उपयोगी पडल्या, असे सांगून तो त्यांची यादी देतो : डाव्या हातातील अंडी, हलकी रायफल, आणि वाघिणीचे नरभक्षक असणे. अंडी हातात नसती तर दोन्ही हात रायफलीवर गेले असते, हालचाल झपाट्याने झाली असती, आणि वाघिणीने झेप घेतली असती. रायफल जड असती तर ती एका हाताने वळवताच आली नसती.

येथे शस्त्राचा तपशील हाच कथेचा कणा आहे. 'त्याने बंदूक वळवून गोळी घातली' एवढेच वाक्य अनुवादात उरले, तर प्रसंग चमत्कार वाटतो. रायफलीचे वजन, ती धरण्याची रीत आणि वळवावयाचा कोन यांसह तो वाचला, तर तो घडू शकणारा ठरतो. शिवाय कॉर्बेटने स्वतःच्या धैर्याला या यादीत स्थान दिलेले नाही. यशाचे वाटप तो वस्तू आणि योगायोग यांच्यात करतो. कथेच्या अखेरीस तो ती अंडी परत घरट्याच्या जागी नेऊन ठेवतो, आणि पक्षीण त्यांवर येऊन बसते. रायफल आणि अंडी एकाच माणसाच्या दोन हातांत असणे, ही या कथेतील मध्यवर्ती प्रतिमा म्हणता येईल. मात्र निवेदक तिला प्रतिमा म्हणून मिरवत नाही.

रुद्रप्रयागच्या बिबट्याची कथा याच सूत्राचा दुसरा पैलू दाखवते. १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत या बिबट्याने शासकीय नोंदीनुसार १२५ माणसे मारली. केदारनाथ-बदरीनाथच्या यात्रामार्गावर त्याची दहशत होती. कॉर्बेट गुलाबराय येथे आंब्याच्या झाडावर दहा रात्री बसला. बिबट्या मारला गेला तो अकराव्या रात्री, मे १९२६ च्या आरंभी. हाती .२७५ रिग्बी होती, आणि रायफलीच्या जोडीला एक विजेरी. विजेरीचा झोत क्षणभरच पडला, गोळी सुटली, आणि विजेरी विझली. गोळी लागली की नाही हे कळण्यास कॉर्बेटला पहाटेची वाट पाहावी लागली. येथे नव्या वस्तूने ऐन वेळी दगा दिला आहे, आणि जुन्या रायफलीने तिला मिळालेल्या त्या एका क्षणात आपले काम केले आहे. तरीही कथनाचा भर गोळीवर नाही, तर गोळीनंतरच्या न कळण्यावर, अंधारातील तासांवर आहे.

'द टेम्पल टायगर' (१९५४) या ग्रंथाची शीर्षककथा तर संपूर्ण अपयशाची आहे. दाबीधुरा येथील देवळाचा पुजारी हा वाघ कोणाच्याही हातून मरणार नाही असे सांगतो, आणि कथेच्या शेवटी त्याचेच म्हणणे खरे ठरलेले असते. शिकारी तोच, त्याचे कौशल्य तेच, सावज मात्र हाती लागत नाही. अशी कथा ग्रंथाच्या अग्रभागी ठेवावी, यात कॉर्बेटच्या वाङ्मयीन दृष्टीचा प्रत्यय येतो.

६. परवान्याचा प्रश्न

या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो गंभीर आहे. जुन्या रायफलीविषयीची ही आत्मीयता ज्याला रायफल बाळगण्याची मुभा होती त्याचीच आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीय प्रजेवर परवान्याचे कडक निर्बंध लादले, तर युरोपीयांना त्यांतून मोठ्या प्रमाणात सूट होती. ज्या गावकऱ्यांना वाघ खात होता, त्यांच्या हाती शस्त्र नसणे हा राज्यव्यवस्थेचाही परिणाम होता. तारणहार गोऱ्या शिकाऱ्याची प्रतिमा या विषमतेवर उभी राहिली, हे नाकारता येत नाही.

परंतु याही प्रश्नाचा धागा शस्त्राच्या तपशिलातच सापडतो. चंपावतच्या हाकाऱ्यासाठी तहसीलदाराने जाहीर केले की, विनापरवाना बंदुकांकडे आपण काणाडोळा करू, इतकेच नव्हे तर दारूगोळाही पुरवू. परिणामी २९८ माणसे जमली आणि त्यांनी आणलेल्या शस्त्रांनी एखादे वस्तुसंग्रहालय भरून गेले असते, असे कॉर्बेट नमूद करतो. प्रसंग वरवर विनोदी आहे. पण ज्या वस्तू कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हत्या, त्या एका दिवसासाठी घरांच्या अडगळीतून उजेडात आल्या, हा त्याचा अर्थ आहे. त्या डोंगरी घरांतही जुन्या बंदुका होत्या, त्या जपल्या गेल्या होत्या आणि त्यांच्याही आठवणी असणार. त्या लिहिल्या मात्र गेल्या नाहीत. कुंवर सिंगची हकिकत आपल्यापर्यंत पोहोचते तीही कॉर्बेटच्याच लेखणीतून. जुन्या रायफलीची कथा कोणाला लिहिता आली आणि कोणाला नाही, हा प्रश्न शिकारकथा शिकवताना विद्यार्थ्यांपुढे ठेवलाच पाहिजे. तो ठेवण्यासाठीही ग्रंथातील बंदुकांची दखल घ्यावी लागते.

७. शस्त्र खाली ठेवणे : फॉकनरची कथा

कॉर्बेटच्या सत्यकथनाशेजारी फॉकनरची कल्पित कथा ठेवली असता हेच सूत्र वेगळ्या टोकापर्यंत गेलेले दिसते. 'द बेअर' मधील आयझॅक मॅककॅस्लिन हा मुलगा मिसिसिपीच्या अरण्यात 'ओल्ड बेन' नावाच्या अस्वलाला पाहू इच्छितो. त्याच्या बंदुकीविषयी फॉकनरने दिलेला तपशील लक्षणीय आहे. मुलाला भेट मिळालेली ही बंदूक तो पुढे जवळजवळ सत्तर वर्षे वापरतो. या काळात तिच्या नळ्या दोनदा बदलतात, दस्ता एकदा बदलतो, आणि अखेर मूळ बंदुकीतील चापाभोवतीची चांदीजडित कडी तेवढी उरते. तिच्यावर नावे आणि १८७८ हे वर्ष कोरलेले आहे.

शस्त्राचे जवळजवळ सर्व अवयव बदलले तरी ते 'जुने' कसे राहते? फॉकनरच्या कथेत याचे उत्तर त्या कोरीव नावांत आहे. जुनेपण लाकूड-लोखंडात नसून नात्यात आणि स्मरणात असते, आणि वस्तूचा एवढासा भाग ते धरून ठेवण्यास पुरतो. पण याच कथेत अस्वलाचे दर्शन घडावयाचे असेल तर बंदूक मागे ठेवली पाहिजे, हे सॅम फादर्स हा वृद्ध मार्गदर्शक मुलाला जाणवून देतो. मुलगा बंदूक न घेता निघतो. तेवढ्याने भागत नाही. घड्याळ आणि होकायंत्रही झुडपाला अडकवून तो रानात वाट चुकतो, तेव्हाच अस्वल त्याच्या दृष्टीस पडते.

कॉर्बेट आणि फॉकनर यांतील विरोध येथे उघड आहे. एकाला माणसे वाचवण्यासाठी रायफल घेऊन जावेच लागते, तर दुसऱ्याच्या नायकाला रानाशी नाते जोडण्यासाठी ती टाकावी लागते. तथापि दोहोंच्या मुळाशी शस्त्राच्या मर्यादेची जाणीव समान आहे. जो शस्त्र पुरते ओळखतो, त्यालाच ते केव्हा खाली ठेवावे हे कळते. कॉर्बेटचे उत्तरायुष्यही याच दिशेने गेले. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' चे अखेरचे प्रकरण रायफलीऐवजी कॅमेऱ्याने वाघ टिपण्याविषयी आहे, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते.

८. मराठी वाचक आणि समारोप

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आला आणि १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ कॉर्बेटच्याच नावाच्या राष्ट्रीय उद्यानात झाला. त्यानंतर भारतीय भाषांतील शिकारकथेचा अनुभवाधार संपला. आता आगामी शिकारीसाठी रायफल उतरवण्याचा प्रसंग मराठी लेखकाच्या अनुभवविश्वात येत नाही. खंडेनवमीला शस्त्र पुसून त्याला हळदकुंकू वाहण्याची रीत घराघरांत टिकून आहे, पण त्या शस्त्राचे प्रयोजन बहुतांशी स्मरणापुरते उरले आहे. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक तरुणपणीच्या शिकारीच्या छंदातून पुढे 'नागझिरा' सारख्या, केवळ पाहण्याच्या आणि टिपण्याच्या लेखनाकडे वळला. हा बदल लेखनाच्या विषयापुरता नाही. शिकाऱ्याची स्तब्धता, माग वाचण्याची रीत, वाऱ्याचा विचार हे सारे त्या लेखनात शिल्लक आहे. केवळ बंदूक गळून पडली आहे.

अशा काळात शिकारकथा वर्गात शिकवावयाची ती कशासाठी, असा प्रश्न पदव्युत्तर अध्यापनात उभा राहतो. ती गौरवाने वाचली तर हिंसेचे उदात्तीकरण होते. ती धिक्काराने बाजूस सारली तर एका समृद्ध गद्यपरंपरेला मुकावे लागते. प्रस्तुत विवेचनातून तिसरी वाट सूचित होते. निवेदक आपल्या शस्त्राविषयी काय सांगतो, किती नेमके सांगतो, आणि चुकलेल्या नेमाची नोंद करतो की नाही, हे तपासावे. जेथे रायफल केवळ गर्जते आणि प्रत्येक गोळी लागते, तेथे फुशारकी आहे. जेथे काडतुसे मोजलेली आहेत, फट दिसते आहे आणि यशाचा वाटा पक्ष्याच्या अंड्यांनाही मिळाला आहे, तेथे अनुभवाची साक्ष आहे. अनुवादकानेही आकडे, वजने व प्रकार यांना कात्री लावू नये. विश्वासार्हतेचा पाया तेथेच आहे.

अखेरीस कॉर्बेटच्या .२७५ रिग्बीविषयी एक नोंद आवश्यक आहे. ही रायफल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्यूएट यांनी त्याला चंपावतची वाघीण मारल्याबद्दल भेट दिली होती, आणि तसा मजकूर कोरलेली पट्टी तिच्या दस्त्यावर आहे. पुढे ती ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस या त्याच्या प्रकाशकांकडे राहिली. २०१५ साली ती मूळच्या रिग्बी कंपनीकडे परतली आणि २०१६ साली काही काळासाठी भारतातही आणली गेली. चंपावतच्या कथेच्या शेवटी कॉर्बेटने ह्यूएट यांच्या नैनितालमधील दरबाराचे वर्णन केले आहे. तहसीलदाराला बंदूक आणि शोधात आपल्याबरोबर आलेल्या माणसाला शिकारी सुरी मिळाली, दोन्हींवर योग्य मजकूर कोरला होता, आणि त्या त्यांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जातील, असे तो आनंदाने सांगतो. आपल्याला मिळालेल्या रायफलीचा उल्लेख त्याने तेथे केलेला नाही.